महाविद्यालयात मंडळ काढताना आणि मत मांडताना: कायद्याचा आधार आणि कागदांची तयारी

महाविद्यालयात चार-पाच जणांनी मिळून वाचनगट, अभ्यासमंडळ किंवा एखाद्या विद्यार्थी संघटनेची शाखा सुरू करायचे ठरवले, की नकार येतो तो बहुतेक वेळा तोंडी. ‘वरून परवानगी नाही’, ‘सध्या वातावरण ठीक नाही’, ‘आधी परीक्षा होऊ द्या’ अशी उत्तरे ऐकून मुले परत फिरतात, आणि सहा महिन्यांनी तोच विषय पुन्हा काढावा तर आपल्याला कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने नाही म्हटले होते याचा कोठेही पुरावा नसतो. लेखी नकाराविरुद्ध दाद मागता येते. तोंडी नकार मात्र हवेत विरून जातो. पुढील जवळजवळ प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

विद्यार्थी असताना मी असे मंडळ चालवले आहे, प्राचार्यांच्या केबिनपासून विद्यापीठाच्या कार्यालयापर्यंतच्या पायऱ्या चढल्या आहेत, आणि आताही नवी मुले अर्ज घेऊन आली की ते तपासून देते. हा लेख महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. संविधान देशभर एकच असले, तरी विद्यापीठ कायदा, पोलीस कायदा आणि माहिती अधिकाराचे नियम राज्यागणिक बदलतात, हे इतर राज्यांतील वाचकांनी लक्षात ठेवावे.

१. आपली संस्था कोणत्या प्रकारची आहे, ते आधी शोधा

मूलभूत हक्क प्रामुख्याने ‘राज्या’विरुद्ध मागता येतात. अनुच्छेद १२ मधील व्याख्येत सरकारी महाविद्यालय आणि सार्वजनिक विद्यापीठ सरळ बसतात, आणि अनुदानित महाविद्यालयाच्या निर्णयाविरुद्धही अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग बहुधा मोकळा असतो. विनाअनुदानित संस्थेच्या बाबतीत ती सार्वजनिक कर्तव्य बजावत आहे आणि तक्रार त्या कर्तव्याशी निगडित आहे, हे आधी दाखवावे लागते. अनुच्छेद १९ आणि २१ मधील हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही मागता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये बहुमताने म्हटले आहे; तरीही खाजगी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाकडे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांकडे जाणे अधिक जवळचे पडते.

‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ मुंबई, सावित्रीबाई फुले पुणे, शिवाजी यांसारख्या सार्वजनिक विद्यापीठांना आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांना लागू आहे. खाजगी विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे, केंद्रीय संस्था, कृषी विद्यापीठे आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांचे कायदे वेगळे आहेत. गोवा विद्यापीठाचाही स्वतःचा १९८४ चा कायदा आहे. चुकीच्या कायद्याचे कलम अर्जात टाकले, तर कार्यालय त्याच एका चुकीवर बोट ठेवून अर्ज परत करते.

२. हक्क किती आणि कोठपर्यंत, हे नीट समजून घ्या

अनुच्छेद १९(१) मधील तीन उपखंड तुमच्या कामाचे आहेत: (क) भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, (ख) शांततेने आणि शस्त्रांवाचून एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य, आणि (ग) संघ किंवा संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य. हे हक्क भारतीय नागरिकांना आहेत; परदेशी विद्यार्थ्यांना अनुच्छेद १४ (समानता) व २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचे संरक्षण आहे, पण अनुच्छेद १९ चे नाही. तुमच्या मंडळात असे सदस्य असतील, तर अर्जावर पहिली सही त्यांची नसावी.

अभिव्यक्तीवर निर्बंध कोणत्या कारणांनी घालता येतात, त्याची यादी अनुच्छेद १९(२) मध्ये दिलेली आहे: भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादी मनापासून वाचावी, कारण ‘महाविद्यालयाची प्रतिमा’, ‘व्यवस्थापनाची नाराजी’ किंवा ‘पालक विचारतील’ ही कारणे तीत नाहीत.

निर्बंध ‘कायद्याने’च घालता येतो, हा दुसरा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात केरळमधील तीन शाळकरी मुलांना धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गायल्यावरून शाळेतून काढले होते. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले आणि शिक्षण खात्याच्या ज्या परिपत्रकांवर कारवाई उभी होती, त्यांना कायद्याचे बळ नसल्यामुळे मूलभूत हक्क त्यांच्या आधारे आखडता घेता येणार नाही, असे सांगितले. म्हणून कोणी परिपत्रक दाखवले की त्याचा क्रमांक, तारीख आणि ते कोणत्या अधिनियमाखाली काढले आहे, हे नम्रपणे विचारावे.

आता दुसरी बाजू. संघटना काढण्याचा हक्क म्हणजे तिला महाविद्यालयाची मान्यता मिळण्याचा किंवा हवे ते सभागृह मिळण्याचा हक्क नव्हे. दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत सभा घेण्याचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच रेल्वे कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. परीक्षेच्या काळात घोषणा नकोत, ग्रंथालयात सभा नको, प्रयोगशाळेच्या दारात पोस्टर नको, असे वेळ, जागा आणि पद्धत यांचे नियम महाविद्यालय करू शकते, आणि ते पाळावेत. तुमचा भक्कम मुद्दा समानतेचा आहे: इतर मंडळांना जी खोली ज्या अटींवर मिळते, ती त्याच अटींवर तुम्हालाही मिळाली पाहिजे. मूलभूत हक्काच्या मोठ्या गोष्टींपेक्षा अनुच्छेद १४ चा हा साधा मुद्दा कार्यालयात अधिक लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे.

प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या हमीपत्राची भीती अनेकांच्या मनात असते. ‘मी कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ अशा ओळीवर सही केली, म्हणून मूलभूत हक्क संपत नाही. मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत, हे मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यातही मान्य झालेले तत्त्व आहे. मात्र हमीपत्रातील हजेरी, मारामारी, रॅगिंग, मालमत्तेचे नुकसान यांविषयीच्या अटी वैध असतात. हमीपत्राची प्रत प्रवेशाच्या दिवशीच फोटो काढून ठेवावी.

३. मंडळाचा एक पानी मसुदा लिहा

नोंदणी केल्याशिवाय मंडळ काढता येत नाही, हा गैरसमज आहे. पाच जणांनी ठराव केला, नाव ठरवले, उद्देश लिहिला आणि निमंत्रक निवडला, की मंडळ अस्तित्वात आले. एका पानावर नाव, उद्देश, सदस्यत्व कोणाला, निमंत्रक कसा निवडणार, पैशांचा हिशेब कोण ठेवणार आणि मंडळ हिंसेचा मार्ग कोणत्याही परिस्थितीत स्वीकारणार नाही, एवढे लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. हे शेवटचे वाक्य औपचारिक वाटले तरी टाळू नये. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले असून, त्यातील ‘बेकायदेशीर संघटने’ची व्याख्या प्रत्येक विद्यार्थी कार्यकर्त्याने स्वतः वाचावी, आपला उद्देश आणि आपली पद्धत पहिल्या दिवसापासून लेखी असणे हे त्या संदर्भात मोठे संरक्षण आहे.

पैसा हा या टप्प्यावरचा मोठा सापळा आहे. वर्गणी निमंत्रकाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यात जमा होते, हिशेब कोणी ठेवत नाही, आणि वाद झाला की पहिला आरोप तोच येतो. साधी वही ठेवा, पावत्या चिकटवा, महिन्याला एकदा सर्वांपुढे वाचा. स्वतंत्र बँक खाते हवे असेल तर मात्र नोंदणी असणे सोयीचे पडते: त्यासाठी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीही येते. वाचनगटाला याची गरज नाही.

नावाबाबत विशेष काळजी घ्यावी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील एका पीएचडी विद्यार्थ्याला एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. दिल्लीतील एका मोर्चात ज्या फलकाखाली तो सहभागी झाला, त्यावर संघटनेच्या नावात संस्थेचेही नाव होते, आणि त्यामुळे ती संस्थेचीच भूमिका आहे असा समज होतो, हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्याची याचिका फेटाळताना ग्राह्य धरला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निलंबनाचा काळ कमी करून त्याचा अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा मार्ग मोकळा केला, पण मधले वर्ष गेलेच. म्हणून महाविद्यालयाचे नाव, बोधचिन्ह किंवा लेटरहेड मंडळाच्या फलकावर वापरू नका, आणि प्रत्येक पत्रकाखाली ‘ही मते मंडळाच्या सदस्यांची आहेत’ ही ओळ छापा.

४. अर्ज द्या आणि पोच घ्या

लागणारी कागदपत्रे थोडी आहेत:

– मंडळाचा सह्यांसह एक पानी मसुदा
– पाच-सात सदस्यांच्या ओळखपत्रांच्या आणि चालू वर्षाच्या फी पावतीच्या झेरॉक्स
– कार्यक्रमाचा विषय, तारीख, वेळ, जागा, अंदाजे उपस्थिती आणि वक्त्याचा परिचय
– अर्जाच्या दोन प्रती

अर्ज लांबवू नये. पुढील मजकूर पुरेसा असतो:

‘प्रति, मा. प्राचार्य. विषय: अभ्यासमंडळाच्या चर्चेसाठी वर्गखोली मिळण्याबाबत. महोदय/महोदया, आम्ही खाली सह्या करणारे विद्यार्थी अमुक तारखेस दुपारी ४ ते ५.३० या वेळेत अमुक विषयावर चर्चा आयोजित करू इच्छितो. खोलीची स्वच्छता व शिस्त यांची जबाबदारी आमची राहील. परवानगी द्यावी, ही विनंती. परवानगी देणे शक्य नसल्यास त्याचे कारण आणि संबंधित नियम कृपया लेखी कळवावा.’

शेवटचे वाक्य कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. ‘सात दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजू’ असे मात्र लिहू नका. त्याला आधार नसतो आणि विनाकारण कटुता येते.

आता खिडकीपाशी काय घडते ते पाहा. लिपिक अर्ज हातात घेतात, वाचतात, आणि ‘सरांना दाखवून मग शिक्का देतो, उद्या या’ असे म्हणून तो टेबलावरच्या फाइलखाली सरकवतात. तेथेच थांबा. दुसरी प्रत पुढे करून ‘यावर फक्त आवक क्रमांक आणि तारीख द्या, निर्णय सर घेतील’ असे शांतपणे म्हणा. आवक शिक्का म्हणजे मंजुरी नव्हे, हे लिपिकांनाही ठाऊक असते, आणि असे सांगितले की बहुतेक जण शिक्का मारतात. तरीही नकार मिळाला, तर त्याच दिवशी महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवर अर्जाची प्रत पाठवा आणि मूळ अर्ज स्पीड पोस्टने धाडा. पोस्टाची पावती आणि संकेतस्थळावरील ‘वितरित’ ही नोंद दोन्ही जपून ठेवा.

आठवड्याभरात उत्तर न आल्यास पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक लिहून एक स्मरणपत्र द्या. तोंडी नकार मिळाला, तर त्याच संध्याकाळी ईमेल करा: ‘आज आपण अमुक कारणामुळे परवानगी देता येणार नाही असे सांगितले, आमच्या समजण्यात चूक असल्यास कळवावे.’ या दोन ओळींमुळे तोंडी नकार कागदावर येतो.

५. सभागृहांची नोंद माहिती अधिकारातून मिळवा

समानतेचा मुद्दा मांडायचा तर इतरांना काय मिळाले, ते हाताशी हवे. विद्यापीठ, सरकारी महाविद्यालय आणि अनुदानित महाविद्यालय माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कक्षेत येतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि ‘गेल्या शैक्षणिक वर्षात सभागृह व वर्गखोल्या ज्या कार्यक्रमांसाठी देण्यात आल्या, त्यांच्या नोंदवहीची प्रत’ मागावी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा असावा, हा नियम आहे. दोन विषय असतील तर दोन अर्ज करा. ‘परवानगी का नाकारली?’ असा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी ‘आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणी व शेरे यांची प्रत’ मागा. ३० दिवसांत माहिती न आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते.

६. कार्यक्रम आवाराबाहेर नेताना

फाटकाबाहेर पाऊल टाकले की पोलीस कायदा लागू होतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खाली जमाव व मिरवणुकीवर बंदी घालता येते. असा आदेश पंधरा दिवसांहून अधिक चालवायचा तर राज्य शासनाची मंजुरी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील जमावबंदीच्या कलम १४४ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले आहे. तारीख ठरवण्याआधी आयुक्तालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर चालू आदेश पाहावेत आणि स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन तेथेही पोच घ्यावी. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी असते. रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर चालत नाही, आणि शिक्षणसंस्थांभोवतीचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित केलेला असू शकतो.

७. मोबाइलवरील मत

‘आमचा खाजगी ग्रुप आहे’ या भरवशावर लिहू नका. स्क्रीनशॉट कोठेही पोहोचतो. तरीही घाबरून गप्प बसण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द झाले. चर्चा आणि एखाद्या मताचा पुरस्कार, तो कितीही अप्रिय असला तरी, एका बाजूला आणि चिथावणी दुसऱ्या बाजूला, ही त्या निकालाने आखलेली रेषा आजही तुमची मोजपट्टी आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावर अनुच्छेद ३७० विषयीच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून हातकणंगले पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे म्हटले. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द करताना त्याच न्यायालयाने, शब्दांचा परिणाम कणखर आणि विवेकी माणसाच्या मापाने जोखावा, हळव्या आणि असुरक्षित मनाच्या मापाने नव्हे, हे पुन्हा सांगितले. अशा प्रकरणांत, शिक्षा तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातील असेल तर, पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल, असेही त्या निकालात आहे.

माझा सल्ला एवढाच: धोरणावर, निर्णयावर, सत्तेवर हवे तितके कठोर लिहा, जात, धर्म किंवा समूहाविरुद्ध एक शब्दही लिहू नका, आणि कोणत्याही व्यक्तीवर पुराव्याविना आरोप करू नका.

८. ‘कारणे दाखवा’ नोटीस आली तर

रागाच्या भरात त्याच दिवशी उत्तर देऊ नका, आणि माफीनामा तर मुळीच लिहून देऊ नका. ‘लिहून दे, विषय येथेच मिटेल’ असे सांगून घेतलेले कागद पुढे कबुलीजबाब म्हणून वापरले गेलेले मी पाहिले आहेत. नोटिशीत कोणत्या तारखेचे, कोणते कृत्य आणि कोणत्या नियमाचा भंग, हे लिहिलेले नसेल तर ते लेखी मागा. ज्या चित्रफिती किंवा तक्रारी यांचा आधार घेतला आहे, त्यांच्या प्रती मागा. समक्ष सुनावणी मागा. मग मुद्देसूद उत्तर द्या आणि त्याचीही पोच घ्या.

म्हणणे ऐकून न घेता केलेली कारवाई न्यायालयात टिकणे अवघड असते. मे २०२५ मध्ये पुण्यातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरील मजकुरावरून अटक झाली आणि महाविद्यालयाने तिला काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, महाविद्यालयाचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू देण्यास सांगितले. स्पष्टीकरणाची संधी न देताच तो आदेश काढला होता, याची न्यायालयाने नोंद घेतली.

हजेरी, फी आणि ओळखपत्र यांत कधीही कमतरता ठेवू नका. मतावरून कारवाई करणे अवघड असते तेव्हा ‘हजेरी ७५ टक्क्यांपेक्षा कमी’ हे कारण सोयीचे ठरते.

पोलिसांचा फोन आला तर लेखी नोटीस मागा. ती संहितेच्या कलम ३५(३) खाली मिळते आणि तिचे पालन करून हजर राहावे. साक्षीसाठी बोलावणे असेल तर स्त्रियांना त्यांच्या निवासस्थानाखेरीज अन्यत्र येण्याची सक्ती करता येत नाही. अटक झाल्यास कारण कळण्याचा, वकिलाला भेटण्याचा आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जाण्याचा हक्क अनुच्छेद २२ ने दिलेला आहे.

९. विद्यार्थी परिषद

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या कलम ९९ मध्ये विद्यार्थी परिषदेची आणि तिच्या निवडणुकीची तरतूद आहे. हिंसाचारामुळे नव्वदीच्या दशकात राज्यात थेट निवडणुका बंद झाल्या आणि कायदा बदलल्यानंतरही त्या पुढे ढकलल्या जात राहिल्या. निवडणूक जाहीर झाली, तर लिंगडोह समितीच्या शिफारशी, ज्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या, त्या वाचा: उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपर्यंत, छापील पोस्टरांना बंदी, हजेरीची अट आणि वयोमर्यादा.

१०. तक्रार कोठे आणि कोणत्या क्रमाने करावी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तक्रार ऑनलाइन केल्यावर संस्थेने ती १५ दिवसांत समितीकडे पाठवायची असते, समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते.

येथे शब्दयोजना फार महत्त्वाची आहे. या नियमांतील ‘तक्रारी’च्या व्याख्येत अभिव्यक्ती स्वातंत्र्य असा स्वतंत्र मुद्दा नाही, नियमांविरुद्ध केलेली कारवाई, विद्यार्थ्याचा छळ, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, स्त्रिया, अल्पसंख्याक किंवा दिव्यांग विद्यार्थ्यांशी भेदभाव, कागदपत्रे अडवून ठेवणे, हे मुद्दे आहेत. म्हणून ‘आमच्या स्वातंत्र्यावर घाला’ हे शीर्षक देऊ नका. ‘इतर मंडळांना खोली देऊन आम्हाला नाकारणे, ही नियमांविरुद्ध कारवाई’ किंवा ‘सुनावणीविना निलंबन, हे नियमबाह्य’ असे लिहा. म्हणजे तक्रार दारातच अडत नाही.

परीक्षा तोंडावर असेल किंवा निलंबन तात्काळ लागू झाले असेल, तर समितीची वाट पाहत बसू नये, उच्च न्यायालयाचा मार्ग पाहावा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोवा येथील पीठांखेरीज ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते आणि मदतीचा क्रमांक १५१०० आहे. तेथे जाताना अर्ज, पोच, स्मरणपत्र, ईमेल, नोटीस, उत्तर आणि माहिती अधिकारातून मिळालेली नोंदवही हे सर्व तारखेप्रमाणे लावून, वर घटनाक्रमाचे एक पान जोडून न्यावे.